कृष्णातची नक्कल

मध्यंतराला पाच-सात मिनिटं असताना गंगाधर थत्त्यांच्या शेजारची बाई इतकी हसली की तिच्या ओच्यातल्या भाजक्या शेंगा खाली सांडल्या, आणि त्या वेचायला ती वाकली तरी तिचं हसणं थांबेना. सांगलीत दुपारच्या खेळाला एवढी गर्दी एरवी होत नाही, असं जावई नारायण आत येताना म्हणाला होता. बाहेर भिंतीवर 'पोट धरून हसा' असं रंगवलेलं होतं, आणि माणसं सांगितल्याबरहुकूम हसत होती. सिनेमा रेडिओच्या सुरुवातीच्या दिवसांवरचा होता, इंग्रजी अमलातला. यंत्राला भिणारा गोरा साहेब, मायक्रोफोनला नमस्कार करून मगच सूर लावणारी गायिका, रेडिओच्या खोक्यामागे जाऊन आत कोण बसलंय ते बघणारे पाटील, असं सगळं होऊन गेलं होतं. आता पडद्यावर पटकेवाला एक शेतकरी मायक्रोफोनसमोर उभा होता. लिहून दिलेला कागद त्यानं उलटा धरला होता. मग त्यानं कागद खाली ठेवला, मायक्रोफोनच्या जाळीला एक डोळा लावून आत बघितलं, आणि लढाईवर गेलेल्या भावाला मोठ्यानं हाक मारली. हाक मारून तो थांबला. कान पुढे करून उत्तराची वाट बघत राहिला. थिएटर दणाणून गेलं. गंगाधरपंत खुर्चीत पुढे सरकले, कारण तो थांबा त्यांचा होता. हाकेनंतर मनात चार आकडे मोजायचे, डोळे बारीक करायचे, मग मान किंचित डावीकडे कलती करायची. हे सगळं त्यांनी बसवलेलं होतं, एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत, वीस-पंचवीस वर्षं घासून. खरा शेतकरी, कृष्णात, हाक मारून थांबला नव्हता. एक क्षणभरही थांबला नव्हता.

मुलीनं, चारुलतानं, अंधारात त्यांचा हात दाबला. सुरुवातीला नावं येत होती तेव्हाही तिनं असाच दाबला होता. 'मूळ किस्सा : गंगाधर थत्ते', पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, जेमतेम वाचून होईल इतका वेळ. सहा वर्षांपूर्वी ते रेडिओच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्या निरोपसमारंभात त्यांनी हा किस्सा सांगितला, तेव्हा एक सिनेमावाला लेखक पोट धरून हसत त्यांच्याजवळ आला होता आणि म्हणाला होता, हे मला द्या. त्यांनी दिलं. देताना त्यांना बरं वाटलं होतं, हेही आता त्यांना स्पष्ट आठवलं. पडद्यावर शेतकऱ्याचं बोलणं साऱ्या मुंबई इलाख्यात पोचत होतं. गव्हर्नर साहेब टबात बसल्या बसल्या ऐकत होता, पुण्याची मामलेदारीण पोळी करपवत होती, सातारच्या तुरुंगातले कैदी टाळ्या वाजवत होते. मध्यंतराचे दिवे लागल्यावर नारायणनं पुढच्या रांगेतल्या कुणाला तरी अभिमानानं सांगितलं, की हे आमचे सासरे, हा प्रसंग यांचाच. त्या गृहस्थांनी उठून हात मिळवला. "खरंच घडलं होतं का हो हे?" त्यांनी विचारलं. गंगाधरपंत म्हणाले, "घडलं होतं." त्यांचा आवाज अजूनही चांगला होता. पैलू पाडलेला, वाईच्या घाटावरच्या पाठशाळेत घडलेला, मुंबईत तीस वर्षं कमावलेला. त्या आवाजात काहीही खरं वाटायचं.

हा प्रश्न त्यांना पूर्वी एकदाच कुणी विचारला होता, तो क्षमानं, त्यांच्या बायकोनं. ती जाऊन आता चार वर्षं झाली. घरी माणसं जमली, कुणीतरी म्हणालं, पंत, तो तुमचा शेतकरी होऊ द्या, की ती कॉफीचं बघायला आत जायची. इतक्या वेळा ऐकलेलं कोण पुन्हा ऐकेल, असं ते समजत. मग एका रात्री अंथरूण घालताना तिनं विचारलं, "ते बोलणं खरंच बाहेर गेलं होतं का हो?" "म्हणजे? साऱ्या इलाख्यानं ऐकलं," ते म्हणाले. ती उशीचा अभ्रा सारखा करत राहिली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही, आणि कॉफीचं बघायला जायचंही सोडलं नाही.

सिनेमाच्या उत्तरार्धात काय झालं ते त्यांना नीट दिसलं नाही. शेवटी भाऊ परत आला एवढं दिसलं, मिशा वाढवून, गळ्यात हार, बरोबर एक गोरी मडम. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाहेर पडल्यावर चहाच्या गाडीवर रेडिओ चालू होता, संध्याकाळच्या बातम्या. आणीबाणीला तेव्हा सात महिने झाले होते. बातम्या देणारा आवाज त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीचा होता. उच्चार स्वच्छ, श्वास जिथं घ्यायचा तिथंच घेतलेला, आणि एकामागून एक प्रत्येक बातमी चांगली. पूर्वी त्यांनीही अशाच चांगल्या बातम्या दिल्या होत्या. कागदावर असेल तेवढंच, कागदावर असेल तसंच.

त्रेचाळीस साली मात्र ते तात्पुरत्या जागेवर होते. एकतीस वर्षांचे. लढाई ऐन भरात होती, आणि खेड्यांतल्या लोकांसाठी रोज संध्याकाळी एक कार्यक्रम लागे. बाजारभाव, एखादं भजन, आणि 'फौजेतल्या जवानांच्या घरून' म्हणून पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत जवानाचा बाप किंवा भाऊ येऊन सांगायचा की घरी सगळं क्षेमकुशल आहे, पीकपाणी उत्तम आहे, तू निर्धास्तपणे लढ. मजकूर सरकारातून मंजूर होऊन यायचा. सातारा जिल्ह्यातून माणूस आणा, असा वरून निरोप आला. तिथं तेव्हा प्रतिसरकारचा जोर होता, पोलीस हैराण झाले होते, आणि तिथलाच शेतकरी रेडिओवर सरकारचं चांगलं बोलला तर साहेबाला ते हवं होतं. कडेगावाकडचा कृष्णात असा मिळाला. तेव्हा तो सगळा मुलूख मिळून सातारा जिल्हाच होता. अठ्ठावीस वर्षांचा काटक माणूस, मुंबईला पहिल्यांदाच आलेला. त्याचा धाकटा भाऊ लालासाहेब फौजेत ड्रायव्हर होता. सिंगापूर पडल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. हे मजकुरात नव्हतं. मजकुरात लालासाहेब खुशाल होता.

दोन दिवस गंगाधरपंतांनी त्याच्याकडून तालीम करून घेतली. कागद उलटा धरणं वगैरे सगळं नंतरचं, कृष्णात चार इयत्ता शिकलेला होता आणि बोट ठेवून सरळ वाचत होता. 'क्षेमकुशल' मात्र त्याला जमेना. "खुशाली म्हणलं तर न्हाई का चालायचं, मास्तर?" त्यानं विचारलं. नाही म्हणाल्यावर तो शब्द त्यानं गच्चीवर जाऊन शंभरदा घोकला. दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता तो म्हणाला, "मास्तर, ह्ये जे मी बोलनार, ते कुटवर जातं?" गंगाधरपंतांना तेव्हा यंत्राचा मोठा अभिमान होता. ते म्हणाले, "हवेतून जातं. समुद्रापलीकडेसुद्धा जातं. ऐकणाऱ्याकडे यंत्र हवं, एवढंच." कृष्णातनं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून ठेवला. मग म्हणाला, "फौजेत यंत्र असतंयच की." त्यावर गंगाधरपंतांनी काय उत्तर दिलं ते त्यांना आठवत नव्हतं. बहुधा काहीच नाही. खरं म्हणजे तिथंच ते सगळं ठरलं असणार.

संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी काचेपलीकडच्या खोलीत कृष्णात उभा राहिला आणि काचेअलीकडे गंगाधरपंत बसले. त्यांच्या कानांवर हेडफोन, समोर मंजूर मजकुराची प्रत, उजव्या हाताशी एक खटका. वाचणारा मजकुराबाहेर गेला की खटका ओढायचा, मग त्याचं बोलणं बाहेर जायचं तिथंच थांबे आणि शेजारी तयार ठेवलेली सनईची तबकडी लागे. कृष्णातनं पहिली चार वाक्यं वाचली. 'क्षेमकुशल' नीट म्हणाला. म्हणताना त्यानं काचेतून त्यांच्याकडे बघितलं. मग कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "लालासाब." एवढ्या एका शब्दावर गंगाधरपंतांनी खटका ओढला. हात आपोआप गेला. हात तयार झालेला होता. बाहेर सनई सुरू झाली. खोलीतला लाल दिवा मात्र जळत राहिला, हेडफोनमध्ये आवाज येत राहिला, आणि कृष्णात न थांबता, उत्तराची वाट न बघता, पुढची गाडी सुटायच्या आत बोलून घ्यावं तसा भराभर बोलत गेला. "लालासाब, मी कृष्णात बोलतोय. हितं लिवून दिलंय त्यात समदं बरं हाय. पर आई जेवत न्हाई. बैलावनं मी तुला बोललो ते सोडून दे. त्येच्यापायी तू फौजंत गेलास ह्ये मला ठावं हाय. बैल तुजा, वावार तुजं. बनू हितंच हाय, माहेरी गेली न्हाई. आंब्याच्या बांधाला रोज कंदील टांगतोय. कवाबी ये, राती-अपराती ये. कुनीबी तुला काय म्हनायचं न्हाई." एवढंच. नंतर त्यानं कागद उचलला, जिथं सोडला होता तिथं बोट ठेवून उरलेला मजकूर नीट वाचला आणि नमस्कार केला.

साऱ्या इलाख्यात हे बोलणं एका माणसानं ऐकलं. तो माणूस उठून आत जाऊ शकला असता, खांद्यावर हात ठेवून सांगू शकला असता की बाबा, हे बाहेर जात नाहीये. तो गेला नाही. त्याला पुढचं ऐकायचं होतं. कृष्णात बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "चुकलं का, मास्तर?" त्यानं विचारलं. गंगाधरपंत म्हणाले, "नाही, छान झालं." त्याच रात्रीच्या गाडीनं तो गावाकडे निघाला. तो गेल्यावर गंगाधरपंतांनी रोजची नोंदवही उघडली. तबकडी मध्येच का लावली याचं कारण लिहायचं होतं. 'यंत्रात बिघाड' असं लिहीत, सगळेच लिहीत, कुणी दुसऱ्यांदा वाचतही नसे. लेखणी टेकवून ते थोडा वेळ बसून राहिले. पुढल्या महिन्यात कायम जागेचा निकाल लागायचा होता. दोन माणसं आणि एक जागा. आपण किती सावध होतो, पहिल्याच शब्दावर आपला हात कसा गेला, हे साहेबाला कळायला हवं होतं. त्यांनी कृष्णातचं बोलणं आठवून आठवून, शब्द न गाळता, सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. आंब्याचा बांध, कंदील, राती-अपराती ये. लिहिताना त्या शब्दांचं पुढे काय होईल हे त्यांना कळलं नव्हतं, असं ते पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले होते. सिनेमा बघून आलेल्या त्या रात्री, चारुलताच्या घरी पाहुण्यांच्या खोलीत पडल्या पडल्या, ते त्यांना सांगता येईना.

आठवड्यानं एक पोलीस अधिकारी आला होता. फार सभ्य माणूस. कंदील कुणासाठी, असं त्यानं विचारलं. फरारी लोकांना ही खूण असू शकते का? भावाचं नाव हा बहाणा असू शकतो का? गंगाधरपंतांना डब्यातला भाकरीचा तुकडा आठवत होता, गच्चीवरचं घोकणं आठवत होतं. "मला सांगता येणार नाही," ते म्हणाले, आणि त्याखाली त्यांनी सही केली. यातला एकही शब्द खोटा नव्हता. कृष्णातला जिल्ह्यातल्या कुठल्याशा ठाण्यावर अकरा दिवस ठेवलं. सोडला तेव्हा त्याचा उजवा हात मनगटात मोडून तसाच जुळलेला होता, हे त्याच्या गावच्या शाळामास्तरांच्या पत्रातून कळलं. पत्र रेडिओच्या पत्त्यावर आलं होतं. त्यात तक्रार नव्हती, फक्त कळवलं होतं. तोवर गंगाधरपंत कायम झाले होते.

आणि मग ती नक्कल. स्वातंत्र्यानंतर वर्षभरानं, एका मित्राच्या घरी, गोऱ्या साहेबाच्या गमती निघाल्या असताना त्यांनी पहिल्यांदा ती केली. बोलायचं वेगळंच होतं. सांगावंसं वाटत होतं म्हणून तोंड उघडलं होतं, काही तरी उतरेल असं वाटलं होतं. पण "लालासाब" एवढं ते कृष्णातच्या आवाजात म्हणाले आणि समोरची माणसं हसली. त्यांना चुकल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही. मग त्यांनी पुढचं वाक्य आणखी थोडं ओढून म्हटलं. त्या रात्री खटका नव्हता, नोंदवही नव्हती, मनगट नव्हतं. दोन-तीन वर्षांत उलटा कागद आला, जाळीतून बघणं आलं, इलाखा आला. आई जेवत नाही हे वाक्य मध्ये येऊन हसू मोडत होतं, म्हणून ते गळलं. एखादी नाटकमंडळी जुनं नाटक वर्षानुवर्षं करत राहते तसं ते सरावाचं होऊन गेलं, आणि खरं काय झालं होतं ते आठवायला त्यांना आधी ती नक्कल बाजूला सारावी लागे.

सकाळी त्यांनी चारुलताला सांगितलं की आजच साताऱ्याला घरी परत जातो. "दोन दिवस राहणार होतात ना, बाबा? सिनेमा आवडला नाही का तुम्हाला?" तिनं विचारलं. "आवडला की," ते म्हणाले. सांगलीच्या स्टँडवर ते साताऱ्याच्या गाडीजवळून पुढे गेले आणि विट्याच्या गाडीत बसले. विट्याला गाडी बदलली. ऊसतोड चालू होती, बैलगाड्यांच्या रांगांमागे एसटी रांगत होती, आणि उघड्या खिडकीतून पाचट जाळल्याचा वास येत होता. काय बोलायचं याची ते जुळवाजुळव करत होते. वाक्यं चांगली जुळत होती, फार चांगली जुळत होती, आणि त्यांचा त्यांनाच वीट येत होता.

कृष्णातचं घर गावाबाहेर, विहिरीच्या कडेला होतं. तो बैलांना वैरण टाकत होता. साठी उलटलेली, पाठीला बाक, डोक्याला मुंडासं. वैरणीची पेंढी त्यानं डाव्या हातानं उचलली होती. "कोन पायजे?" त्यानं विचारलं. गंगाधरपंतांनी नाव सांगितलं. त्या नावानं काही झालं नाही, पण आवाजानं झालं. कृष्णातनं पेंढी खाली ठेवली. "मास्तर? मुंबईचं मास्तर? आवं, आवाज वळकला तुमचा. रेडूवर ऐकत व्हतो की रोज, तुमी हुता तवर." त्यानं आत वळून हाक दिली, "बनुबाई, च्या ठेवा. मुंबईचं मास्तर आल्यात." दारात एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, उभ्या चेहऱ्याची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात डोरलं. लालासाहेबाची बायको. तिनं गंगाधरपंतांकडे इतकं रोखून बघितलं की त्यांनी नमस्कार करायला हात उचलले ते तसेच राहिले. मग ती आत गेली.

"आमी पिच्चर बघितला," कृष्णात म्हणाला. "विट्याला लागलाय. आपल्या रेडूवाल्या मास्तरचा किस्सा हाय म्हनून शाळंतल्या गुरुजीनं सांगितलं, म्हनून दोगंबी गेलो. लय हसत्यात मान्सं. मीबी हसलो. ते बेनं माज्यावानीच बोलतंय, पर कागूद उलटा धरतंय. मी कुटं धरला हुता उलटा?"

"नव्हता धरला," गंगाधरपंत म्हणाले.

"तेच म्हनलं. बनुबाई न्हाई हसल्या. पर शेवटाला त्यो भाऊ येतो न्हवं, तवा रडल्या. म्हनाल्या, बगा, समद्या मुलखाला ठावं हाय तुमी हाक मारलेली. आता ते पिच्चरात बी आलं."

गंगाधरपंतांनी सगळी जुळवलेली वाक्यं सोडून दिली. विहिरीच्या काठावर बसून, जमिनीकडे बघत, त्यांनी साधं सांगितलं. खटका ओढला ते सांगितलं. पहिल्याच शब्दाला. बाहेर सनई वाजत होती. समुद्रापलीकडे नाही, इलाख्यात नाही, भिंतीपलीकडेसुद्धा काही गेलं नाही. ऐकलं ते मी एकट्यानं, आणि वहीत लिहिलं तेही मीच. पोलिसांना ते तिथून मिळालं. दुसरं कुणी सांगितलं नव्हतं, सांगणारं दुसरं कुणी नव्हतंच. बोलायला फारसा वेळ लागला नाही. एवढ्याशा गोष्टीला तेहेतीस वर्षं का लागावीत, असं त्यांना बोलता बोलताच वाटून गेलं.

कृष्णातनं बसल्या जागेवरून डाव्या हातानं पेंढी बैलांपुढे सरकवली. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता, मनगटाशी बाहेरच्या बाजूला वळलेला. आता तो चिडेल, शिवी देईल, हाकलून देईल, असं गंगाधरपंतांना वाटलं. त्यासाठीच ते आले होते. ते मिळालं असतं तर त्यांनी ते घेतलं असतं, आणि घेताना त्यांना बरं वाटलं असतं.

"हाताचं काय न्हाई," कृष्णात म्हणाला. "तवा समद्यांनीच मार खाल्ला. माजा त्यातच धरला गावानं. भावाला हाक मारली म्हनून मारलं असं म्हनायला मलाच लाज वाटायची. म्हनून मीबी गप बसलो." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "पर मास्तर, लढाई मिटल्यावर लष्कराचं पत्र आलं. पत्ता न्हाई, मेला असं धरावं. बनुबाईचा बाप गाडी जुपून न्यायला आला. तेवीस वर्साची हुती ती, पोर ना बाळ. बाप म्हनला, दुसरं घर बगतो. आमच्यात तसलं करत न्हाईत, पर त्यो तयार हुता. बोलनी खायला तयार हुता. मी गाडीम्होरं उबा ऱ्हायलो. म्हनलं, माजा आवाज पोचलाय त्येच्यापातूर. मी सोता मुंबईला जाऊन सांगितलंय, बनू हितंच हाय. त्यो येनार, आन् ही नसली तर मी काय तोंड दाखवू? तिनं माज्याकडं बघितलं आन् गाडीतनं उतरली."

आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"त्येच्या नावावर तिला मी हितं ठिवून घेतली," कृष्णात म्हणाला.

बनुबाई चहा घेऊन आली. दोन कपबशा गंगाधरपंतांपुढे आणि कृष्णातपुढे ठेवून ती खांबाला टेकून उभी राहिली, आणि पदर सारखा करून तिनं विचारलं. तिचा आवाज अपेक्षेपेक्षा तरुण होता. "आवं मास्तर, एक इचारू का? भावजी बोलले ते त्या दिशी सिंगापुरापातूर गेलं असंल न्हवं? न्हाई, पिच्चरात निसतं मुंबई-पुनं दावलंय. सिंगापूर दावलंच न्हाई."

गंगाधरपंतांनी तोंड उघडलं. सगळं आयुष्य त्यांनी तोंड उघडलं होतं आणि योग्य तो शब्द बाहेर आला होता. आता काहीच आलं नाही. त्यांच्या आधी कृष्णात बोलला. बशीत चहा ओतत, वर न बघता, तो म्हणाला, "गेलं म्हनत्यात. आत्ताच मला तेच सांगत हुते. तिकडं बी ऐकू जायचं, पर पिच्चरवाल्यानं गाळलं."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि साखर पुरेशी आहे का ते विचारलं.

एसटीच्या थांब्यापर्यंत कृष्णात सोबत आला. वाट उसातून होती, दोघांना शेजारी चालता येत नव्हतं, म्हणून तो पुढे आणि गंगाधरपंत मागे. त्याच्या पाठीकडे बघत गंगाधरपंत म्हणाले, "मी यायला नको होतं." कृष्णात म्हणाला, "आलात ते आलात." थोडं पुढे गेल्यावर तो थांबला, पण वळला नाही. "तुमी मला सांगितलं, मोकळं झालात. माज्यापुढं बाई रोज भाकरी वाढती. मी कुनाला सांगू आता?" डांबरी सडकेपाशी तो लिंबाच्या सावलीत उभा राहिला. गाडी लांबून दिसली तेव्हा त्यानं डावा हात वर करून ती थांबवली, आणि कंडक्टरला सांगितलं की यांना जागा दे, म्हातारं माणूस आहे. नमस्कार न करता तो उसात परत शिरला.

गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. दुपार कलली होती, ऊन सौम्य झालं होतं. गंगाधरपंतांनी चपला काढून पाय थोडे लांब केले. छातीत काही तरी सैल झालं होतं. श्वास खोलवर जात होता, कित्येक वर्षांत गेला नव्हता इतका खोल. हे काय होतंय ते लक्षात आलं तसे ते ताठ बसले आणि त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा त्यांनी प्रयत्न केला. मग कृष्णातचं मनगट. दोन्ही आले, आणि गाडीच्या हेलकाव्यानं हलले, आणि गेले. विट्याच्या अलीकडेच त्यांना झोप लागली. कंडक्टरला खांदा हलवून उठवावं लागलं, इतकी गाढ.